पाण्यातली हवा

सिग्नल लाल होता. डॅशबोर्डवरची तापमानाची सुई इतकी वर्षं मधोमध आळसावून बसलेली असायची. ती कधी उजव्या टोकाला जाऊन टेकली ते दोघांनाही कळलं नाही. आधी वास आला, गोडसर, तापलेल्या लोखंडाचा आणि कसल्याशा औषधाचा. मग मागच्या काचेत पांढरं काहीतरी दाटून आलं. तिनं घाईघाईनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. शेजारच्या सीटवरच्या नवऱ्यानं एकदा सुईकडे पाहिलं. त्यानं पट्टा सोडला, दार उघडलं आणि उभ्या गाड्यांमधून वाट काढत तो सरळ रस्त्यापलीकडे चालू लागला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. त्याची ती जरा वाकलेली, निळ्या स्वेटरातली पाठ दोन बसच्या मधे दिसली आणि दिसेनाशी झाली. गेला, असं तिच्या मनात आलं. एवढंच. आणि अंगावरून कुणी जाडजूड पांघरूण ओढून काढावं तसं तिला हलकं वाटलं. इतकं हलकं की हात आपोआप पुढे झाला आणि तिनं त्याच्या बाजूची काच खाली केली. मानेला वारं लागतं म्हणून तो ती काच कधी उघडू देत नसे. बाहेरची हवा आत आली. मागच्या गाड्यांचे भोंगे कर्कश वाजत होते, कुणीतरी चक्क शिव्या घालत होतं, आणि ती मात्र सुट्टीच्या दिवशी उशिरा जाग आलेल्या माणसासारखी स्वस्थ बसून होती.

तो अर्थात पाणी आणायलाच गेला होता. फुलवाल्याच्या दुकानातून झारी भरून घेऊन तो आला, तेव्हा सिग्नल कितीदा तरी हिरवा होऊन गेला होता. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ज्याची हयात गेली तो माणूस अशा वेळी पाणी आणायलाच जाणार, दुसरीकडे कुठे जाणार? "आयुष्यभर गावाला पाणी पाजलं आणि घरच्या गाडीला पाणी पुरेना," असं काहीतरी तो म्हणाला, ती हसलीसुद्धा. मग तो इंजिन निवायची वाट पाहत झारी हातात धरून फुटपाथवर उभा राहिला. गरम असताना झाकण उघडलं तर हात भाजतो, हे त्यानं तिला सांगितलं. यापूर्वीही कितीतरी वेळा सांगितलं होतं. ती ऐकत होती आणि मघाच्या त्या हलकेपणाकडे पाहत होती. वाटलं होतं, तो परत आल्यावर ते विरून जाईल. ते गेलं नव्हतं. वाटेत पडलेल्या चपलेला पाय अडखळावा तसं ते पायाखाली कुठंतरी होतं.

गाडीला हत्ती हे नाव मुलीनं ठेवलेलं, ती बोलायला लागली तेव्हाचं. उंच छपराची, करड्या रंगाची, मुलीपेक्षाही वयानं मोठी अशी ती गाडी. आत दोघांपुरता बिछाना, दोन शेगड्यांची चूल, पाण्याची टाकी आणि बंद होताना हमखास बोट चेमटवणारं एक कपाट. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, अशी त्याची उलटी घडण. म्हणजे तापलेलं पाणी मागून पुढे जायचं, तिथे निवायचं आणि परत मागे यायचं. त्यासाठी पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लांबलचक पाइप गेलेले. मुलगी लहान असताना उन्हाळ्यात ते तिघं हत्तीतून जायचे, पण नवऱ्याची रजा नेहमी तोकडी पडायची. कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटायची, निरोप यायचा, आणि तो मिळेल त्या गाडीनं परत फिरायचा. मग उरलेले दिवस ती आणि मुलगी. घरीही तेच. भर जेवणात तो उठून जायचा, सणासारख्या ठरवलेल्या रविवारी उठून जायचा. लोक म्हणायचे, कसं गं निभावतेस. तीही चेहरा तसा करायची. पण तो गेल्यावर घरात जी शांतता पडायची, ती तिची होती. त्या शांततेत तिनं मुलीला वाढवलं, कपडे शिवले, गाणी म्हटली, काहीही न करता भिंतीला टेकून बसली. तिला ते कधी सुख वाटलं नव्हतं. सुख म्हणजे तो घरी असणं, असंच तिनं धरून चाललं होतं. आता तो निवृत्त झाला होता आणि घरी होता. सकाळी होता, दुपारी होता. ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यातून परतली की दारात होता. "आलीस?" म्हणायचा. ती भांडं घ्यायला वळली की तो भांडं हातात देत असायचा. त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. पुढच्या महिन्यात तिचीही नोकरी संपत होती. मग हत्ती घेऊन निघायचं, समुद्राच्या कडेकडेनं जायचं, थंडी पडेपर्यंत परतायचं नाही, हे केव्हाच ठरलेलं. सगळ्यांना सांगून झालेलं. दोघंच. त्या एवढ्याशा जागेत.

"नुसतं पाणी घालून भागायचं नाही," नवरा दुसऱ्या दिवशी म्हणाला. इमारतीच्या मागच्या अंगणात हत्तीच्या पोटाखाली विजेरी मारून तो बघत होता. "सगळंच काढायला हवं. रेडिएटर खालून सडलाय, पंप पाझरतोय. पाइप तर विचारू नकोस." त्याचा उजवा खांदा गेल्या वर्षी निखळला होता, हात डोक्यावर जात नव्हता. म्हणजे गाडीखाली आडवं होणं आलं तिच्याच वाट्याला. तिलाही ते आवडलं. हत्तीचं नाक जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या, जुना सतरंजीचा तुकडा टाकला आणि ती सरपटत आत शिरली. खालचा बोल्ट सैल करताच जे पाणी आलं ते पाणी म्हणवत नव्हतं. गढूळ, तपकिरी, मधेच गंजाचे पापुद्रे. "हे आपण पोटात घेऊन हिंडत होतो," तो वरून म्हणाला. ते पाणी त्यानं पसरट टबात धरून झाकून ठेवलं, कुणा मांजरानं चाटू नये म्हणून. त्यातलं औषध गोड लागतं, पण विष असतं, म्हणाला. वरच्या मजल्यावरचे शेजारी सज्जात येऊन उभे राहिले. रोज सकाळी आभाळाकडे बघून ते भाकीत करायचे आणि ते रोज चुकायचं, म्हणून त्यांना सगळे हवामान खातं म्हणत. "वहिनी, गाडी निघणार की नुसतीच आंघोळ घालताय?" त्यांनी विचारलं. "आधी आंघोळ, मग बघू," ती गाडीखालून म्हणाली. तिचा आवाज पत्र्याखाली तिलाच परका वाटला. जाड, निवांत, कुण्या दुसऱ्याच बाईचा.

गाडीखाली एकटं असता येतं, हा शोध तिला त्याच दिवशी लागला. वर तो होता, त्याचे बूट दिसत होते, तो बोलतही होता. डावीकडची क्लिप आधी सोड, होज ओढू नकोस, पिळून काढ. पण त्याचं सगळं पत्र्यावरून घसरून बाजूला पडत होतं. तिच्या नाकापासून हातभर अंतरावर मळकट लोखंड होतं. जुना रबरी होज पाइप दाबला की कडेला बारीक चिरा उघडायच्या, म्हातारपणी ओठांच्या कडेला पडतात तशा. गंजलेला पाइप एकेका पट्टीतून सोडवत ती सरकत होती आणि मनात काहीबाही येत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तो नळाची तोटी दुरुस्त करायला ओट्याखाली शिरला होता. तेव्हा ती शेजारी बसून त्याला विजेरी धरत होती आणि त्याच्या पोटावरून वर सरकलेल्या शर्टाकडे बघताना तिला फार प्रेम आलं होतं. ते आठवलं आणि प्रेमही आठवलं. गेलं नव्हतं ते. मग सिग्नलला काय झालं होतं? प्रेम असूनही माणूस गेला की हलकं वाटतं का? की हलकं वाटलं म्हणजे प्रेम नव्हतंच, नुसती सवय होती, या पाइपासारखी, आतून गंजून पातळ झालेली? तिला स्वतःचीच जरा भीती वाटली. कारखान्यात फिरत्या चाकावर काच धरताना वरून पाण्याची धार सोडावी लागते, नाहीतर काच तापून तडकते. तिथे तिचा हात कधी हलला नव्हता. इथे मात्र पाना घसरला आणि बोटाचं साल निघालं. "काय झालं?" वरून लगेच आलं. "काही नाही," ती म्हणाली. "नाही कसं? दाखव." बूट वाकले, गुडघे टेकले, त्याचा लाल झालेला, उलटा चेहरा फटीतून आत आला. तिनं बोट दाखवलं. तो पट्टी आणायला गेला. तेवढा वेळ ती डोळे मिटून पडून राहिली.

सुटे भाग आणायला तोच गेला आणि नवा रेडिएटर बाळासारखा छातीशी धरून आला. थर्मोस्टॅट मात्र त्यानं लगेच बसवू दिला नाही. नवा असला म्हणून काय, तपासून घेऊ. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि ती पितळी, टोपीसारखी वस्तू दोऱ्याला बांधून त्यात सोडली. दोघंही पातेल्यावर वाकून उभे. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले तरी ती हलेना. "बिघडलेलाच दिसतोय," ती म्हणाली. "थांब की जरा. त्याची वेळ यावी लागते." आणि खरंच, पाणी उकळायच्या बेतात आलं तेव्हा टोपीची चकती कुणी आतून हळूच ढकलावी तशी वर उचलली गेली. फट पडली. फट रुंदावली. त्यानं दोरा उचलून ती बाहेर धरली, तशी निवता निवता मिटत गेली. तो लहान मुलासारखा खूश झाला. "परत दाखवू?" म्हणाला. त्याच्या चष्म्यावर वाफ जमली होती आणि त्याला काही दिसत नव्हतं. तिला वाटलं, आता सांगावं. आत्ता याला दिसत नाहीये तोवर. ओठापर्यंत आलंही. पण सांगायचं तरी काय? तू गेलास तेव्हा मला बरं वाटलं, असं कुणी कुणाला सांगतं? त्यानं चष्मा काढून स्वेटरला पुसला. "तीन महिने आता काळजी नको," तो म्हणाला. "तू गाडी चालव, मी पाण्याकडे बघतो. रोज सकाळी मी उठून बघत जाईन." ती गॅस बंद करून पातेलं मोरीत ओतायला गेली.

त्या संध्याकाळी ती शेवटची म्हणून गाडीखाली गेली. नवे पाइप बसले होते, चकचकीत, आतून बाहेरून स्वच्छ. जोडांवर होज चढवून क्लिपा आवळायच्या, एवढंच राहिलं होतं. तो अंगणातल्या कट्ट्यावर बसून चहा पीत होता आणि पहिला मुक्काम कुठे करायचा ते सांगत होता. दुसरा कुठे तेही. कोणत्या गावाला कपडे धुवायची सोय आहे, कुठे दुपारी सावली असते. एकेक क्लिप आवळत ती मधल्या जोडापाशी आली, अगदी हत्तीच्या बेंबीपाशी म्हणावं अशा ठिकाणी. तिथली क्लिप बोटांनी फिरवून जागेवर आणली आणि पाना लावला नाही. हात तसाच थांबला. थंड असताना ही टिकेल. चढावर पाणी तापलं, आतून जोर आला, की सुटेल. कुणाला कळणारही नाही. इतकी जुनी गाडी, सुटली एखादी क्लिप. मग पुन्हा काढाकाढी, मग पावसाळी दिवस येतील, मग पुढच्या वर्षी बघू. हे सगळं तिनं ठरवलं नाही, ते आपोआप तिच्यासमोरून गेलं, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यासारखं. "झालं?" त्यानं विचारलं. "झालं," ती म्हणाली आणि बाहेर आली. त्यानं तिच्या केसांतली माती झटकली. घरात येऊन तिनं हात धुतले, भाजी चिरली. चिरताना लक्ष नव्हतं. आपण काय केलं हे तिला कळत होतं आणि ते फार मोठं नव्हतं. कुणाचा जीव जाणार नव्हता. पण ती गाडी तिची होती, तिच्या मुलीचा हत्ती. त्याला मुद्दाम अधू ठेवायचं? जे तोंडानं सांगायला जिवावर येतं ते बिचाऱ्या पाइपाकरवी सांगायचं? तिनं सुरी ठेवली. "पाना खालीच राहिला वाटतं," असं म्हणून ती उजेड होता तोवर परत अंगणात गेली, कपडे न बदलता सरपटत आत शिरली आणि ती क्लिप अशी आवळली की मनगट दुखून आलं.

दुसऱ्या दिवशी हवा काढायची होती. या गाड्यांत हीच खरी मेख, तो म्हणाला. इतक्या लांब पाइपांत नवं पाणी भरलं की कुठंतरी हवा अडकतेच. मग पाणी फिरत नाही आणि सगळं नवं असूनही गाडी तापते. म्हणून नाक उचलून ठेवायचं, मागे इंजिन चालू करून त्याच्या छोट्या टाकीत पाणी ओतत राहायचं, आणि पुढे रेडिएटरच्या माथ्यावरचा बारीक स्क्रू उघडून हवा जाऊ द्यायची. एकट्याचं काम नाही. एकानं मागे, एकानं पुढे. मधे अख्खा हत्ती. एकमेकांचं तोंड दिसत नाही, इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. तेव्हा ठरलं की पाणी कमी पडलं की तिनं पत्र्यावर थाप मारायची, पुरे झालं की दोन. तिनं स्क्रू उघडला. फुसफुस करून हवा आली, थोडं पाणी थुंकल्यासारखं उडालं, परत हवा. ती एक थाप मारायची, मागून तशीच एक थाप यायची, आणि जरा वेळानं धार वाढायची. किती वेळ ते चाललं कोण जाणे. तिला त्यात गंमत वाटू लागली. तो तिकडे होता हे तिला पत्र्यातून कळत होतं. दिसत नव्हता, बोलत नव्हता, आणि तिला त्याचं असणं जराही जड होत नव्हतं. उलट थाप यायला उशीर झाला तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं. असं पाहिजे, तिला वाटलं. इतकं लांब. बुडबुडे विरळ होत गेले. मग अखंड, काचेसारखी स्वच्छ धार तिच्या बोटांवरून वाहू लागली, कोमट, जवळजवळ अंगाच्या उबेची. तिनं स्क्रू बंद केला आणि दोन थापा मारल्या. वरून हवामान खात्यानं टाळ्या वाजवल्या आणि उद्या ऊन पडणार असं जाहीर केलं.

पाऊस पडत होता. तरीही ते गावाबाहेरच्या चढाला गेले, कारण परीक्षा तिथेच होणार होती. ती चालवत होती, तो सुईवर डोळे लावून होता. मधोमध, म्हणाला. वळणावर, मधोमध. शेवटच्या उभ्या चढावर जरा सरकली, आणि पुन्हा मधोमध. माथ्यावर मोकळ्या जागेत तिनं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. पाऊस ओसरला होता. तो उतरला, विजेरी घेऊन एका कुशीवर होत शक्य तितका गाडीखाली वाकला. बऱ्याच वेळानं कण्हत उठला. "कुठेही थेंब नाही. हाताला यश आहे तुझ्या. मधली क्लिप तेवढी जरा जास्तच आवळलीयस. रबर कापलं जाईल, सैल कर थोडी."

ती हसायला लागली. थांबता येईना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होती. तो दारात उभा राहून बघत राहिला, आधी तोही थोडा हसला, मग हसू त्याच्या चेहऱ्यावर नुसतंच राहिलं.

"मला एकटीला जायचंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"हत्ती घेऊन. पहिले काही आठवडे. नंतर तू ये, जिथे असेन तिथे. पण आधी एकटीला."

त्यानं विजेरी बंद केली, पुन्हा चालू केली. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मी फार बोलतो. सूचना देतो. मुलगीही म्हणते."

"बोलण्याचं नाही रे. तू..." तिला शब्द मिळेना. मिळाला तो असा होता. "तू फार असतोस."

खाली दरीत ढग सरकत होते आणि शहराचा काही भाग उघडा पडत होता, झाकला जात होता. तिला वाटलं, आता तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. पण खांदा दुखत असावा तसा त्यानं तो चोळला. "इतकी वर्षं तू म्हणायचीस, कधी घरी नसतोस," तो म्हणाला.

"म्हणायचे."

"ते खोटं होतं?"

"नाही. तेही खरं होतं."

"मग मी काय करायचं ते एकदा नीट सांग बाई," तो म्हणाला, आणि आवाज फाटला, आणि त्या फाटलेल्या आवाजातच त्याला थोडं हसूही आलं. ती खाली उतरली. त्याच्या स्वेटरवर ओली माती लागली होती, ती झटकली. येताना त्यानं चालवतो म्हणून किल्ली मागून घेतली आणि सगळा उतार तो एक अक्षर बोलला नाही. त्यानंतरचे दोन दिवसही तो दुखावलेलाच होता. ताटावर बसायचा, उठायचा. तिला कितीदा वाटलं, मागे घ्यावं. घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं जादा पाण्याचा डबा, दोन होज आणि मूठभर क्लिपा हत्तीच्या कपाटात नेऊन ठेवल्या. बोट चेमटलं. "हे कपाट एक," तो मोठ्यानं म्हणाला, आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

नोकरी संपल्यावर ती निघाली तेव्हा कोवळं ऊन होतं. दुपारनंतर समुद्र दिसला, आणि किनाऱ्यालगतच्या सपाट माळावर, दोनचार वाकड्या झाडांच्या आडोशाला तिनं हत्ती उभा केला. इंजिन बंद केलं. सिग्नलवरचा तो हलकेपणा आता येईल म्हणून ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. तो आला नाही. समोर राखाडी पाणी होतं, वारा होता, खिडकी उघडी होती. बराच वेळ काहीच आलं नाही. मग भूक लागली. साधी, सडकून लागलेली भूक. तिनं बरोबर आणलेली पोळी उभ्या उभ्याच, चुलीपाशी खाल्ली, आणि ती तिला फार चांगली लागली. फोन वाजला.

"पोचलीस?"

"आत्ताच. जेवले पण."

"मीही जेवलो." त्याला विचारायचं खूप असणार, आणि तो विचारत नव्हता. ते न विचारणं तिला इथवर ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "तो आवाज कसला गं? टिक टिक?"

तिनं फोन जरा मागे, इंजिनच्या बाजूला धरला. तापलेला धातू निवताना करतो तसा बारीक आवाज येत होता, मधे खंड पडत, परत येत.

"निवतंय," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "निवू दे."

त्यानं फोन ठेवला नाही आणि तिनंही ठेवला नाही. दोन आवाजांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं, आणि पुढचा आवाज येईतो दोघंही ऐकत राहिले.